आभाळ कोरडं, नदी दुथडी: भीमाकाठच्या एका शेतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मंगळवेढा तालुक्यात भीमेच्या काठी शेती करणाऱ्या एका कुटुंबाची ही हकिगत. त्यांच्या विनंतीवरून गावाचं आणि माणसांचं नाव घेत नाही. थोरले, धाकटे, आजी आणि थोरल्यांची मुलगी, एवढ्या ओळखीवर काम भागेल. मी सोलापूर शहरात अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. २०१९ साली ही मुलगी मावशीकडं राहून माझ्या वर्गात शिकत होती. या प्रकरणात पुढं एक चूक माझीही आहे, तेव्हा त्रयस्थासारखं लिहिणं मला जमणार नाही.

जमीन अकरा एकर. नदीला लागून तीन एकर गाळाची, मळीची, तिथं ऊस. वर आठ एकर काळं रान, चार-पाच फूट खोल. तिथं मालदांडी ज्वारी आणि थोडा हरभरा. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि इथल्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ही ज्वारी पावसात वाढत नाही. पाऊस सरत आल्यावर पेरायची आणि काळ्या मातीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर काढायची, अशी तिची रीत.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दसपटीच्या घरात. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, गार होतात आणि कोकणात, घाटमाथ्यावर पाणी टाकून हलके होतात. घाट ओलांडला की तीच हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरतात. महाबळेश्वर ते पाचगणी अंतर वीस किलोमीटरही नाही, तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. आम्ही तर किनाऱ्यापासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटर आत. जुलैत सोलापुरात उभं राहून वर बघा. ढग असतात, चांगले खाली आलेले असतात, पण पश्चिमेकडून पूर्वेकडं नुसते पळत असतात. खांद्यावरचा टॉवेल उडून जाईल असा वारा, आणि पाऊस म्हणावा तर भुरभुर. धूळसुद्धा बसत नाही.

पर्जन्यछायेचा धडा इथं संपतो. आमच्या जिल्ह्याची गोष्ट मात्र इथून सुरू होते, कारण पठाराचा उतार पूर्वेकडं आहे. घाटमाथ्यावर जे कोसळतं ते भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, पवना, घोड या नद्यांतून पूर्वेला वाहत येतं आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात जमतं. पाऊस घाटात, पाणी आमच्याकडं. डोंगरानं आमचा पाऊस अडवला आणि डोंगराच्या उतारानंच त्यातलं थोडं नदीतून परत पाठवलं, असं मी वर्गात सांगतो.

अडचण

२०१८ चा पावसाळा वाईट गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं सुमारे ६४ टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे अगदी तळाच्या साठ्यात, धरलेलं. पाणी त्या खुणेखाली उतरलं की टक्केवारी उणे सांगतात. मंगळवेढा, सांगोल्यात चारा छावण्या चालू होत्या. नदीत डबकी उरली होती. जुलै संपत आला तरी रानावर पेरणीजोगा पाऊस नव्हता आणि ऊस पिवळा पडायला लागला होता.

दोन्ही भावांनी साडेसात एचपीच्या दोन मोटरी काठावरून उचलून नदीच्या पात्रात, शेवटच्या डोहाजवळ नेऊन बसवल्या. डोहापर्यंत चर खणला, पाइप वाढवले, केबल ओढली, स्टार्टरची पेटी पात्रातच एका दगडी ओट्यावर ठेवली. वीज रात्रीची. तेव्हा धाकटे रात्री पात्रातच बाज टाकून झोपायचे.

जुलैच्या अखेरीस बातम्या यायला लागल्या: घाटात धुवाधार, पुण्याकडची धरणं भरत आली. घरात बोलणं झालं. मोटरी लगेच वर काढायच्या, एकच वर काढायची, की दोन्ही राहू द्यायच्या? वर काढणं म्हणजे ट्रॅक्टर, साखळी, चार माणसं आणि पूर्ण दिवस. परत बसवायला आठवडा. तेवढ्यात ऊस गेला असता. थोरल्यांचं म्हणणं असं, की उजनी इतकी खाली आहे, भरायलाच महिना जाईल. आजी म्हणाल्या, "आभाळाचा रंग बघा आन् मग ठरवा." आभाळ स्वच्छ होतं. दोन्ही मोटरी राहिल्या.

उजनी महिनाभर थांबली नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ती भरली आणि पाणी सोडावं लागलं. नदीकाठच्या गावांना सावध राहण्याचा निरोप आला. तो मिळालाच नाही असं कुटुंबाचं म्हणणं नाही. पण त्या संध्याकाळी सगळं गाव एकदमच मोटरी काढायला निघालं आणि गावात ट्रॅक्टर मोजकेच. यांचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. सकाळी धाकटे काठावर गेले तेव्हा बाजेची जागा, ओटा, डोह, सगळं गढूळ पाण्याखाली होतं आणि डोक्यावर कडक ऊन. दोन मोटरी, पेटी, केबल आणि सतरा पाइप गेले.

पुढच्या आठवड्यात वर्गात पर्जन्यछाया शिकवत होतो. मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्याकडं पंधरा दिवसात थेंब न्हाई. छावणीत जनावरं हायत. आन् आमच्या मोटरी पुरात गेल्या. ह्याला काय म्हणायचं?" वर्ग हसला नाही. भीमाकाठची आणखी तीन-चार मुलं वर्गात होती, त्यांच्या घरीही तेच झालं होतं. त्याच पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची विमानं सोलापूरच्या आभाळात ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग करत होती, ज्याला आपण कृत्रिम पाऊस म्हणतो. ढग आहेत पण पाऊस नाही, अशी जागा म्हणूनच सोलापूर निवडलं होतं. वर पाऊस शोधणारं विमान आणि खाली पूर, हे एकाच महिन्यात घडलं.

नेमकं काय चुकलं होतं

मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आलो. निर्णय आळसातून झाला नव्हता, तो चुकीचं आभाळ बघून झाला होता. पिढ्यान् पिढ्या कोरडवाहू शेती करणाऱ्या घरात आपल्या डोक्यावरचं आभाळ वाचण्याची सवय मुरलेली असते. वरच्या आठ एकरांसाठी ती बरोबरही आहे. नदीकाठच्या तीन एकरांना मात्र आपलं आभाळ लागूच नाही. त्यांचं आभाळ भीमाशंकर, लोणावळा, मुळशी इथलं.

आणखी एक गोष्ट नकाशा पसरल्यावर दिसली. नीरा नदी भीमेला नरसिंहपूरला मिळते, म्हणजे उजनीच्या खाली. भाटघर, वीर ही नीरेच्या खोऱ्यातली धरणं भरून नीरेतून पाणी सुटलं तर ते उजनी अडवू शकत नाही. थोरले इतकी वर्षं फक्त उजनीचा आकडा विचारत होते.

पर्याय आणि निर्णय

मोटरी पात्रात कधीच न्यायच्या नाहीत, हा एक पर्याय होता. तसं केलं तर दुष्काळात ऊस सोडून द्यावा लागणार. घरात कुणालाच ते मान्य नव्हतं. उतारावर रूळ टाकून मोटर वरखाली करता येईल अशी सोय करणं हा दुसरा. खर्च परवडत नव्हता. तिसरा पर्याय स्वस्त होता: धोक्याचा निरोप येण्याआधी दोन-तीन दिवस स्वतःला कळेल अशी व्यवस्था करणं.

मुलीनं वही घातली. रोज संध्याकाळी पाच नोंदी: घाटमाथ्यावरचा पाऊस, पुण्यात बंडगार्डनचा विसर्ग, दौंडहून उजनीत येणारी आवक, उजनीची टक्केवारी, वीरचा विसर्ग. हे आकडे पावसाळ्यात रोज मिळतात, जिल्ह्यातले लोक चहाच्या टपरीवरसुद्धा "दौंडला किती हाय?" असं विचारतात. नियम असा ठरला: उजनी ८० टक्क्यांवर आणि दौंडची आवक वाढती असली, किंवा वीरमधून पाणी सुटलं, तर कुणालाही न विचारता मोटरी वर.

थोरले वही उलटसुलट बघून म्हणाले, "वहीनं मोटर निघत न्हाई, सर. माणसं लागत्यात." ते खरं होतं, आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. मग शेजारच्या तीन घरांशी बोलून ट्रॅक्टरचा क्रम आधीच लावून घेतला आणि काठावरच्या जुन्या बाभळीला साखळीची कप्पी कायमची बांधली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी वस्तू ती कप्पी.

२०२० च्या पावसाळ्यात वही चालली. उजनी भरली, पण पाणी यायच्या दोन दिवस आधी मोटरी वर होत्या. मी हे वर्गात मोठ्या समाधानानं सांगितलं. वर्ग तेव्हा फोनवरचे होते. कॉलेज बंद असल्यानं मुलगी गावीच होती.

ऑक्टोबर २०२०

ऑक्टोबर लागला. घाटात पाऊस थांबला, दौंडची आवक उतरली. वहीच्या नियमाप्रमाणे धोका संपला होता. मोटरी पुन्हा नदीवर बसल्या. सप्टेंबरात पाऊस दणकून झाल्यानं वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा आला. पाच तारखेच्या आसपास सहा एकर ज्वारी पेरली. ती चांगली उगवली होती.

इथं थोडं थांबून सोलापूरच्या पावसाचं दुसरं अंग सांगायला हवं, कारण मी स्वतः ते विसरलो होतो. आमचा सगळ्यात पावसाचा महिना जुलै नाही, सप्टेंबर. पश्चिमेचा वारा जोरात असतो तोवर घाट आम्हाला कोरडं ठेवतो. तो वारा ढिला पडला की बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडं सरकत येतात. त्या बाजूला सह्याद्रीसारखी सलग भिंत नाही. पूर्व घाट तुटक आहे, गोदावरी-कृष्णेनं फोडलेला, आणि पठार हळूहळू चढत आमच्यापर्यंत येतं. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस, ज्याच्यावर ज्वारी उभी राहते, तो बराचसा या पूर्वेच्या दारानं येतो. जुनी माणसं त्याला परतीचा पाऊस म्हणतात. तो गडगडत, दुपारनंतर येतो, वळवासारखा.

१३ ऑक्टोबरला सकाळी एक तीव्र कमी दाबाचं क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावर काकिनाड्याजवळ जमिनीवर आलं. त्या रात्री हैदराबादेत हाहाकार झाला. मुलीचा संध्याकाळी फोन आला: "सर, हे आपल्याकडं येतंय का?" काकिनाडा ते सोलापूर साधारण सातशे किलोमीटर. मी सांगितलं, जमिनीवर आल्यावर त्याची ताकद जाते, आपल्यापर्यंत येईतो थोडाफार पाऊस होईल. हवामान खात्याचा इशारा होता. मी तो नीट वाचलाही नव्हता. वहीत पूर्वेसाठी रकानाच नव्हता, आणि वही मी आखून दिली होती.

१४ तारखेला सकाळपासून पाऊस धरला तो थांबेना. पावसाची ताकद वाऱ्याच्या जोरावर नव्हती, बाष्पावर होती आणि ते भरपूर होतं. दुपारी धाकटे रानात गेले. त्यांनी मला नंतर जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो: "काळं रान पाणी प्यायचं थांबलं होतं. वर नुसतं तळं. पाय टाकला की पोटरीपर्यंत जायचा आन् काढला की भोक तसंच भरायचं. तवा म्हटलं, हे आता सगळं नदीला जाणार." सप्टेंबरच्या पावसानं माती तुडुंब होती, उजनी भरलेली होती. धरायला जागाच कुठं उरली नव्हती. ओढे फुगले, माणेसारखी एरवी कोरडी असणारी नदीसुद्धा वाहायला लागली.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय तेव्हा झाला. ट्रॅक्टर एक, उजेड दोन तासांचा. थोरले म्हणाले आधी मोटरी. गेल्या वर्षीचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. धाकटे म्हणाले आधी जनावरं आणि आई. दोघांत आवाज चढला. आजी ओसरीतून उठून गोठ्यात गेल्या आणि गाईचं दावं सोडायला लागल्या. त्यावर पुढं कुणी बोललं नाही. दोन बैल, तीन गाई, शेरडं आणि आजींना उंचावरच्या शाळेत नेलं. परत येऊन बाभळीच्या कप्पीनं, हातानं ओढून एक मोटर काढली. दुसरी निघाली नाही. रात्री पाणी घराच्या उंबऱ्याला लागलं, गोठ्यात कमरेएवढं आलं.

परिणाम

माणसं आणि जनावरं सगळी वाचली. एक मोटर गेली. ऊस आडवा झाला. सहा एकरांतली चार एकर ज्वारी पाण्याखाली राहून सडली. दोन एकर चढाची असल्यानं टिकली.

पाणी ओसरल्यावर पुन्हा तीन वाटा होत्या. ज्वारी दुबार पेरायची, हरभरा घालायचा, की रान मोकळं ठेवायचं. थोरल्यांना ज्वारीच हवी होती, कारण कडब्याशिवाय जनावरं जगत नाहीत. पण कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. वाफसा यायला नोव्हेंबर उजाडणार होता. इतक्या उशिरा पेरलेल्या ज्वारीला दाणा भरायच्या वेळी ओल पुरत नाही. हरभऱ्याला दिवस कमी लागतात, आणि वाचलेल्या एका मोटरीवर फुलोऱ्यात एक पाणी देता येणार होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार एकर हरभरा पेरला. तो बरा पिकला. मातीत खोलवर ओल होती, आणि पुरानं केलेली तेवढी एकच भरपाई. कडबा मात्र त्या वर्षी विकत घ्यावा लागला.

काय वेगळं करता आलं असतं

वहीपासून सुरुवात करतो. २०१९ च्या पुरावर उपाय म्हणून ती आखली, म्हणून तिच्यात फक्त २०१९ दिसत होतं. ज्या भूगोलानं पश्चिमेला भिंत उभी केली त्यानंच पूर्वेला दार उघडं ठेवलं आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो. तरी ते वहीत उतरलं नाही. १५ सप्टेंबरनंतर नोंदी बदलायला हव्या होत्या: उपसागरात काही तयार होतंय का, ते कुठल्या दिशेनं सरकतंय, आपली माती किती भरली आहे आणि उजनीत जागा किती शिल्लक आहे. शेवटच्या दोन गोष्टी भरल्या असतील तर मध्यम पाऊससुद्धा पूर आणतो.

मोटरी ऑक्टोबरात पात्राजवळ नेण्याची गरजच नव्हती, हे धाकट्यांचं मत. रान ओलं होतं, उसाला पाण्याची घाई नव्हती. नियम म्हणाला धोका संपला, म्हणून नेल्या. मला त्यांचं पटतं.

पेरणी एकाच दिवशी सहा एकर करण्याऐवजी चढाचं रान आधी आणि सखल रान आठवडाभरानं, अशी दोन टप्प्यांत केली असती तर निदान बियाणं वाचलं असतं. हे थोरल्यांना आता मान्य आहे.

उसाबद्दल आमचं एकमत नाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या प्रदेशात नदीच्या भरवशावर ऊस ठेवला, म्हणून मोटर पात्रात न्यावी लागली आणि सगळा धोका तिथून आला, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. थोरले म्हणाले, "सर, ज्वारीवर लग्नं होत न्हाईत. ऊस बिलाचा पैसा देतो." त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

वहीचे आता दोन भाग आहेत. मुलगी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर गेली, नोंदी धाकटे करतात. उत्तरा नक्षत्र लागलं की ते पान उलटतात. दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर उपसागरापासून सोलापूरपर्यंतचा नकाशा चिकटवलेला आहे. आजी रोज संध्याकाळी विचारतात, "आज कुठल्या अंगानं हाय?" २०२२ पासून तीन एकरांपैकी दीड एकरावर ऊस नाही. तिथं काय घ्यायचं यावर घरात अजून बोलणं चालू आहे.